रायबाचं लग्न

तुळजापूरचा माणूस देवीपुढे हात जोडतो, डोळे मिटतो, आणि बाहेर येऊन चप्पल पायात सरकवता सरकवता पूजेवर मत देतो. शारदीय नवरात्रात देवीच्या अलंकार पूजा मांडतात. कधी रथ अलंकार, कधी मुरली, कधी शेषशायी, कधी भवानी तलवार, कधी महिषासुरमर्दिनी. मूर्ती तीच, काळ्या पाषाणाची, अष्टभुजा. पण एका दिवशी ती रथात दिसते, दुसऱ्या दिवशी तिच्या ओठी मुरली असते, आणि तलवारीच्या दिवशी ती शिवाजी महाराजांना भवानी तलवार देताना दिसते. बाहेरगावचा भक्त भारावून जातो. गावातला म्हणतो, “मुरली झकास बांधली हो. रथ मात्र मागल्या वर्षीचा.” आता, मूर्ती मुळातच महिषासुरमर्दिनीची. तिलाच पुन्हा महिषासुरमर्दिनीचा अलंकार चढतो. मूळ कृतीच्या अंगावर तिचाच रीमेक चढवायची हिंमत मुंबईच्या निर्मात्यांना अजून झालेली नाही.

हे सांगायचं कारण असं, की एकच गोष्ट निरनिराळ्या सजावटीत बघायची आम्हाला सवय आहे. एका गोष्टीवर दोन-चार सिनेमे निघाले की लोक ‘खरा कोणता’ यावरून हातघाईवर येतात. आम्ही ‘पूजा कशी बांधली होती’ एवढंच विचारावं, असं माझं म्हणणं. ते आमच्या घरात कुणाला पटत नाही. घरात तानाजीवरून तीन पक्ष आहेत आणि तिघांची जेवायची वेळ एकच आहे.

गोष्ट तुम्हाला पाठ असणार. माघ वद्य नवमी, ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र. नवमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो, म्हणजे तोवर मिट्ट काळोख. तानाजी मालुसरे निवडक मावळे घेऊन कडा चढले, किल्लेदार उदेभानाशी झुंजले, पडले. भाऊ सूर्याजीने मावळ्यांना आवरलं आणि कोंढाणा, म्हणजेच सिंहगड, घेतला. एवढ्या गोष्टीवर किती सजावट चढली ते बघायचं, तर आधी मूर्ती बघावी लागते.

मूर्तीच्या सगळ्यांत जवळ जाणारा कागद म्हणजे सभासदाची बखर. कृष्णाजी अनंत सभासदाने ती सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिली. पटकथाकाराच्या नजरेनं पाहिलं तर हा माणूस भलताच कंजूष. गड घेतो, असं तानाजी आपण होऊन कबूल करतो. पाचशे माणूस घेतो. मावळे वानरांसारखे कडा चढतात. दोघे वीर एकमेकांच्या हातून पडतात. पागेला आग लावून राजगडाला इशारा जातो. संपलं. सारीपाट नाही, घोरपड नाही, शेलारमामा नाही आणि रायबाचं लग्नही नाही. एवढ्यावर आज कुणी निर्मात्याकडे गेलं तर तो चहा पाजेल आणि म्हणेल, “साहेब, यात फॅमिली कुठाय?”

फॅमिली आणली शाहिरानं. तुळशीदासाच्या पोवाड्यात जिजाऊ महाराजांशी सारीपाट खेळतात, डाव जिंकतात आणि पणात कोंढाणा मागून घेतात. उमरठ्याला तानाजीच्या मुलाच्या, रायबाच्या, लग्नाची घाई चाललेली असते आणि नेमका तेव्हाच राजांचा सांगावा येतो. ऐंशी वर्षांचा शेलारमामा सोबत निघतो. आणि कड्यावर दोर न्यायला घोरपड लागते. ही घोरपडही साधी नाही. अर्ध्यातून माघारी फिरते, तानाजीकडून दटावणी खाते, मग मुकाट्यानं वर जाते. हॅरी आर्बथनॉट अॅकवर्थ या इंग्रज अधिकाऱ्यानं आणि शंकर तुकाराम शाळिग्रामांनी १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, तेव्हा हा ऐवज कागदावर आला. तोवर तो डफाच्या तालावर गावोगाव हिंडत होता. घोरपड खरी की खोटी यावर इतिहासाचे अभ्यासक बोलत असतात. मला दुसरीच काळजी वाटते. घोरपड आज वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिच्या कमरेला दोर बांधायचा म्हटलं तर तानाजीला कडा चढण्याआधी वनखात्याच्या कचेरीचे जिने चढावे लागले असते, आणि ते कड्यापेक्षा सोपे नसतात.

पोवाड्यावर आणखी एक थर चढवला हरिभाऊ आपट्यांनी. ‘गड आला पण सिंह गेला’ या त्यांच्या कादंबरीनं विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी वाचकाला वेड लावलं. हरिभाऊंना कळलं होतं, की नुसत्या गडासाठी लढणारा खलनायक वाचकाला पुरत नाही. त्याला काहीतरी खासगी पाप हवं. म्हणून कमलकुमारी आली. सती जायला निघालेली राजपूत स्त्री आणि तिला पळवून आणणारा उदेभान. बखरीत तिचा पत्ता नाही. पण हरिभाऊंनी तिला अशा काही मुहूर्तावर गडावर चढवलं, की पुढे कुणालाच तिला खाली उतरवता आलं नाही.

कारण सिनेमावाले आले ते थेट कादंबरीच्या दारातून. १९२३ साली कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीचा मूकपट ‘सिंहगड’ काढला. लढाई रात्रीची, म्हणून कृत्रिम दिव्यांच्या उजेडात चित्रीकरण केलं. भारतात असं पहिल्यांदा करण्याचा मान या चित्रपटाला देतात. आम्हाला यात नवल वाटू नये, कारण गोंधळी पिढ्यान्‌पिढ्या दिवटीच्या उजेडातच गोष्ट सांगत आले. फरक इतकाच, की दिवटीला तेल घालायला यजमान असतो आणि आर्क दिव्यांना भांडवलदार लागतो. या मूकपटात शेलारमामा झाला होता तो विशी-बाविशीतला एक पोरगा. त्याचं नाव व्ही. शांताराम.

‘सिंहगड’ला गर्दी इतकी झाली, की ती पाहूनच सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली असं सिनेमाचे जाणकार सांगतात. तानाजीनं गड घेतला आणि अडीचशे वर्षांनी त्याच्या तिकिटावर सरकारनं कर घेतला. पण हिशेब पुढं फिटला. २०२० साली ‘तान्हाजी’ आला तेव्हा महाराष्ट्र सरकारनं तो करमुक्त केला. मराठी माणसाला न्याय मिळायला शंभरएक वर्षं लागतात, पण मिळतो.

दहा वर्षांनी, १९३३ साली, त्याच शांतारामबापूंनी प्रभातसाठी ‘सिंहगड’चा बोलपट केला. पांढरी दाढी चिकटवून ऐंशीचा झालेला पोरगा आता तिशीचा दिग्दर्शक झाला होता. म्हाताऱ्याचा तरुण होण्याचा हा प्रकार सिनेमातच घडतो. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आदल्याच वर्षी बोलला होता, त्यामुळे कोल्हापुरात सगळ्यांच्या कंठाला नवा मोकळेपणा आलेला. मूकपटात डोळे वटारून भागायचं, आता उदेभानाला तोंडानं दुष्टपणा करायचा होता, आणि ते काम बाबूराव पेंढारकरांकडे होतं. या दोन्ही ‘सिंहगडां’बद्दल माझं मत फार पक्कं आहे. ते दोन्ही मी पाहिलेले नाहीत, फक्त वाचलेत. न पाहिलेल्या सिनेमाची बाजू माणूस जास्त जोरात मांडतो, कारण तिथे त्याला कुणी अडवत नाही. आमच्या पुतण्याला मी अनेकदा सांगतो, की प्रभातच्या सिनेमात जी शिस्त होती ती आता राहिली नाही. तो म्हणतो, “काका, ट्रेलर दाखवा.” इथे माझा पक्ष संपतो.

पुतण्याचा पक्ष म्हणजे ओम राऊतचा ‘तान्हाजी’. जानेवारी २०२० मध्ये तो सोलापूरला थ्रीडीमध्ये लागला आणि घरातलं एक अख्खं वऱ्हाड गाडीत घालून पुतण्यानं पंचेचाळीस किलोमीटरवर नेलं. आत्याही आली. तिचं वय शेलारमामाएवढं, त्यामुळे तिला घरी ठेवून जायची कुणाची छाती नव्हती. तिनं आपल्या चष्म्यावर थ्रीडीचा चष्मा चढवला आणि पडद्यावरून बाण आला की शेजारच्या बाईला खाली वाकवू लागली. अजय देवगण तानाजी, सैफ अली खान उदयभान. महाराजांच्या भूमिकेत शरद केळकर आले तेव्हा थेटरात शिट्ट्या वाजल्या. मग सूर्याजी म्हणून देवदत्त नागे उभा राहिला आणि आत्यानं दोन्ही चष्म्यांसह हात जोडले. ‘जय मल्हार’ मालिकेत तो खंडोबा होता. तिच्या लेखी तो अजून खंडोबाच आहे. भावाच्या मदतीला आला असेल एवढंच. “मग गड कसा न्हाई येनार?” ती म्हणाली, आणि तिच्यापुरता सिनेमाचा ताण तिथेच संपला.

बाकीच्यांसाठी मात्र त्यात ताण भरपूर होता. गडावर ‘नागिन’ नावाची अवाढव्य तोफ होती. कडे होते, दोर होते, काळोख संगणकानं रंगवलेला होता. आणि त्या काळोखात कोण दिसावं? कमलदेवी! नाव जरा बदललं, बोली हिंदी झाली, पण बाई तीच, उदयभानानं पळवून आणलेली. हरिभाऊंनी शंभरावर वर्षांपूर्वी गडावर चढवलेली कमलकुमारी मूकपट, बोलपट अशी मजल दरमजल करत थ्रीडीत येऊन पोचली होती. मला एकदम भरून आलं. दुसऱ्या कुठल्या मराठी कादंबरीला इतकं आयुष्य लाभलेलं आणि तिच्यावर इतका खर्च झालेला मला आठवत नाही. मी शेजारी पुतण्याला हे सांगू लागलो तर तो म्हणाला, “काका, फाइट चालू आहे.”

सैफचा उदयभान इतका रंगला होता, की मध्यंतरात सगळं वऱ्हाड त्याच्यावरच बोलत होतं. हा आपल्या गोष्टींचा जुना रोग. गोंधळातसुद्धा महिषासुराचं सोंग चांगलं वठलं की देवीला जरा वेळ थांबावं लागतं. समोशाच्या रांगेत पुतण्या म्हणाला, “व्हिलन काय भारी!” थोरल्या वहिनी म्हणाल्या, “नऊवारी छान होत्या.” आत्या मात्र कुठल्याशा विचारात. मी विचारलं, “काय झालं?” तर म्हणाली, “अरं, मांडव तसाच ठिवला का काढला?”

कुणाला कळेना, कसला मांडव.

“त्या पोराच्या लग्नाचा. अक्षता वाटल्या, मानसं निघाली, आन बाप गेला लढाईवर. सैपाकाचं काय केलं? पावने आले आस्तील का न्हाई?”

आम्ही हसलो. मग मध्यंतर संपलं, तोफ पुन्हा गडगडू लागली. पण आत्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

याला गावही कारण आहे. लग्नसराईत तुळजापूरला या. राजे शहाजी महाद्वारापुढे नवी जोडपी रांगेनं दिसतील. अंगाची हळद गेलेली नाही, हातातलं कंकण सुटलेलं नाही, उपरण्याची आणि शालूची गाठ घट्ट. नवरा पुढे चालला की नवरी ओढली जाते आणि नवरी बांगड्यांच्या दुकानापुढे थांबली की नवरा. अर्ध्या महाराष्ट्राची ही कुलदेवता. लग्न लागलं की तिच्या दारी यायचं, ओटी भरायची, घरी गोंधळ घालायचा. चौक भरला जातो, दिवटी पेटते, संबळ घुमतो. कदमराई गोंधळी गावोगावच्या देवांना नावं घेऊन आवतण देतात, आणि मग आख्यान लागतं. लग्न म्हटलं की देवी, देवी म्हटलं की गोष्ट, अशी आमच्याकडे साखळी आहे. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला तानाजीची गोष्ट लढाईची वाटते. तुळजापूरच्या माणसाला ती राहून गेलेल्या लग्नाची वाटते.

आता सिनेमांची तुलना करताना आपण काय करतो? कुणी काय बदललं त्याची यादी करतो. याने तोफ आणली, त्याने बाई आणली, याने घोरपड गाळली, त्याचा कडाच चुकला. यादी कितीही लांबते, आणि शेवटी कळतं एवढंच, की प्रत्येकाच्या काळाला काय हवं होतं. इंग्रजी अमलातल्या मूकपटाला शब्दांवाचून स्वराज्य दाखवायचं होतं. नव्या बोलपटाला बोलायचं होतं. २०२० च्या सिनेमाला देशभरच्या पडद्यांवर उभं राहायचं होतं, तर त्याला देशभर दिसेल एवढी मोठी तोफ लागणारच. मला वाटतं, यादी उलटी करावी. कशाला हात लावायची कुणाचीच छाती झाली नाही ते बघावं. तुळशीदासापासून आजवर सगळ्यांनी लढाई हवी तशी फिरवली. पण बापानं मुलाचं लग्न बाजूला सारून निघावं, ही गोष्ट हलली नाही. आधी कोंढाणा, मग रायबा, ही तर म्हणच झाली. आणि गंमत अशी, की जे काढायची कुणाची टाप नाही ते मुळात बखरीत नाहीच. ते शाहिरानं घातलेलं. म्हणजे या गोष्टीचं सगळ्यांत पक्कं हाड हे नंतर बसवलेलं आहे. देवीच्या अंगावरचा एखादा दागिना कुणी वाहिला ते विसरलं जातं आणि पुढे त्याच्याशिवाय देवी ओळखू येत नाही, तसं काहीसं.

असं का झालं असेल? लढाईत तानाजी आपल्यापेक्षा फार मोठा आहे. कडा चढणं, ढाल तुटल्यावर हाताला शेला गुंडाळून लढणं, यात आपलं काही चालत नाही. आपण खुर्चीत बसून तोंडात बोट घालायचं. पण पत्रिका वाटून झाल्यावर साहेबाचा निरोप येणं आपल्याला कळतं. घरचं कार्य आणि बाहेरचं काम एकाच तिथीला येणं, हा प्रसंग प्रत्येकावर येतो. आपण काय करतो? रजेचा अर्ज टाकतो. तानाजीनं टाकला नाही. तो किती मोठा हे त्या एका गोष्टीवरून मोजता येतं, कारण माप आपल्या घरातलं आहे. शाहीर हुशार होता. त्यानं वीराची उंची दाखवायला त्याच्या शेजारी लग्नाचा मांडव उभा केला.

ऑगस्ट २०२३ मध्ये दिग्पाल लांजेकरांचा ‘सुभेदार’ आला, त्यांच्या शिवराज अष्टकातला पाचवा सिनेमा, आणि घरात तिसरा पक्ष निघाला. तो वहिनींचा. त्यांचं म्हणणं, यात तोफा कमी आणि माणसं जास्त. मृणाल कुलकर्णी जिजाऊ, चिन्मय मांडलेकर महाराज, अजय पूरकर तानाजी. पुतण्याला हे सगळं घरगुती वाटलं. वहिनी म्हणाल्या, “गोष्ट घरातलीच आहे. तूच ती थ्रीडीत नेलीस.” मला पूरकरांची काळजी वाटली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ते ‘पावनखिंड’मध्ये बाजीप्रभू म्हणून धारातीर्थी पडले होते. जेमतेम दीड वर्ष झालं तोच सिंहगडावर पुन्हा देह ठेवायचा. इतक्या थोड्या अवधीत दोनदा वीरमरण दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं नसेल.

नटांच्या या अदलाबदलीत आत्याचा फार गोंधळ उडतो. ‘तान्हाजी’त शरद केळकर महाराज होते. दोनच वर्षांनी, २०२२ च्या दिवाळीत, ‘हर हर महादेव’मध्ये तेच बाजीप्रभू झाले आणि सुबोध भावेंच्या महाराजांना मुजरा करू लागले. आत्या कळवळली. “काल राजा व्हता की रं ह्यो!” तो सिनेमा आणि ‘पावनखिंड’ एकाच वर्षात, एकाच खिंडीत, एकाच बाजीप्रभूंवर आले, मग खरे बाजी कुठले यावर इतका गदारोळ झाला, की घोडखिंडीत सिद्दी मसूदला झाली नसेल एवढी अडचण थेटरवाल्यांना झाली. तेव्हा मी आत्याला घाटशिळेची आठवण दिली. राम सीतेच्या शोधात या डोंगरात आला असता देवीनं त्याची परीक्षा बघायला सीतेचं रूप घेतलं आणि समोर जाऊन उभी राहिली, अशी आमच्या गावची कथा. रामानं सोंग ओळखलं, आई म्हणून नमस्कार केला. मग तिनं घाटशिळेवरून त्याला लंकेची वाट दाखवली. मी म्हणालो, “सोंग कुणी घेतलं ते सोड, आतलं कोण ते बघ.” आत्या म्हणाली, “ते रामाला जमलं. मला तिकीट काढून बी जमत न्हाई.”

वाद मिटेना, तेव्हा पुतण्याला चिंतामणी आठवला. देवळाच्या आवारात हा गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवून मनातला प्रश्न विचारायचा. दगड उजवीकडे फिरला तर होकार, डावीकडे फिरला तर नकार, आणि जागचा हलला नाही तर काम व्हायला वेळ आहे. शिवाजी महाराज मोहिमेवर निघण्याआधी याला कौल मागत, असं सांगतात. ज्या दगडानं स्वराज्याच्या मोहिमांना कौल दिला, त्याच्यावर हात ठेवून पुतण्यानं विचारलं, “‘तान्हाजी’च भारी ना?” दगड ढिम्म. त्यानं पुन्हा विचारलं. दगड पुन्हा ढिम्म. मागच्या रांगेतल्या एका माणसाला मुलीचं लग्न कधी जमेल ते विचारायचं होतं, त्यानं आमच्याकडे असं बघितलं, की आम्ही बाजूला झालो. त्याच्या हाताखाली दगड गरकन उजवीकडे फिरला. आत्या म्हणाली, “बगा. त्येला बी लग्नाचंच कळतं.”

त्या दिवशी घरी येताना माझ्या मनात पाचव्या सिनेमाची कल्पना आली. लढाई नाहीच. गोष्ट सुरू होते ती चारही सिनेमे जिथे दमतात तिथून. गड आला, सिंह गेला, दिवस-कार्य झालं. पुढे महाराज स्वतः उमरठ्याला गेले आणि त्यांनी रायबाचं लग्न लावून दिलं, अशी आठवण सांगतात. बस, एवढंच. ज्या राजाच्या निरोपानं लग्न थांबलं, तोच राजा वरबाप होऊन उभा आहे. अक्षता टाकताना त्याला काय वाटलं असेल? शेलारमामा पंगतीत कुणाच्या शेजारी बसला असेल? खर्च किरकोळ. एक मांडव, चार कळशा, संबळवाले आमच्या गावचे. मग रायबा आणि त्याची बायको जोडीनं तुळजापूरला येतात, महाद्वारातून पायऱ्या उतरतात, कल्लोळात हातपाय धुतात...

इथे मला थांबावं लागलं. १६७० साली हा मुलूख आदिलशाहीकडे होता. शत्रूच्या हद्दीत नवं जोडपं कोण पाठवील? अफजलखानाच्या स्वारीनंतर महाराजांनी प्रतापगडावर भवानी बसवली, आणि उमरठ्याहून प्रतापगड जवळच. रायबा गेला असेल तर तिथं. इतिहासाच्या बाजूनं माझ्या सिनेमात तुळजापूरला जागा नाही. पण गावात राहून गावाचा सिनेमा काढायचा आणि त्यात गाव नाही, हे कसं जमावं? मी मनातल्या मनात रायबाला वेष पालटून, रात्रीच्या प्रवासानं, दोन मावळ्यांबरोबर इकडे आणलं. आणलं आणि लक्षात आलं, की हरिभाऊंनी कमलकुमारीला गडावर नेलं ते असंच. ओम राऊतांनी तोफ नेली ती अशीच. ज्याच्या त्याच्या मनात एक तुळजापूर असतं; गोष्ट तिथून गेल्याशिवाय त्याला ती आपली वाटत नाही.

रात्री जेवताना मी कल्पना मांडली. पहिल्यांदाच तिन्ही पक्षांचं एकमत झालं, की सिनेमा निघावा. पुतण्यानं अट घातली, की स्वप्नात का होईना पण एक तरी फाइट हवी. आत्याला मानपान सविस्तर हवा होता. कुणाला फेटा, कुणाला पायधुणी, कोण रुसलं, कुणी समजूत काढली. महाराज आले म्हणून रुसवे-फुगवे होणार नाहीत हे तिला मान्य नव्हतं. “राजा आला मंजी तर जास्तच,” ती म्हणाली.

वहिनी वाढता वाढता थांबल्या. “नवरी कोण?”

“म्हणजे?”

“रायबाची नवरी. नाव काय तिचं?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. उदेभानाचं नाव पाठ. त्याच्या तोफेचं नाव पाठ. घोरपडीचं नाव यशवंती, हे तर शाळेतल्या पोराला ठाऊक. जी कधी जन्मलीच नाही त्या कमलकुमारीचा आम्ही शंभर वर्षांचा प्रवास मांडून दाखवत होतो. आणि जिच्या लग्नावाचून ही गोष्ट उभी राहत नाही, तिचं नाव ताटावर बसलेल्या एकालाही सांगता येईना.

“तिकडं बी मांडव व्हताच की,” आत्या हळूच म्हणाली. “हळद लागलेली आसंल. वऱ्हाडाची वाट बगत बसले आस्तील.”

नवरीच्या गावातली ती संध्याकाळ कुणीच दाखवलेली नाही. पोवाड्याने नाही, कादंबरीने नाही, मूकपटाने नाही, थ्रीडीने नाही. वेशीवर पोरं उभी, वऱ्हाडाची धूळ दिसते का बघतायत. मुहूर्त टळतो. स्वयंपाक निवतो. मग कधीतरी घोडेस्वार येतो आणि सांगतो, की लग्न पुढं ढकललंय. का ते विचारायचं नाही, कारण मोहीम गुप्त आहे. आता या बापानं गावाला काय सांगायचं? सभासद ज्या रात्रीबद्दल दोन शब्द खर्चून पुढे जातो, त्याच रात्री दुसऱ्या एका घरात कुणाच्याच डोळ्याला डोळा लागला नसेल, आणि तिथे तलवारीचा काही उपयोग नव्हता.

तेव्हा आमच्या घरापुरता निर्णय झालेला आहे. आजवरचे सगळे सिनेमे वरपक्षाचे झाले. पाचव्याचा मान वधूपक्षाचा. कथा-पटकथा वहिनींची, मानपान आत्याचा, स्वप्नातली फाइट पुतण्याची, आणि ऐतिहासिक चुका माझ्याकडे. मुहूर्त चिंतामणीला विचारून धरू. फक्त घोरपडीला आवतण वरपक्षाकडून जायचं की वधूपक्षाकडून, यावर अजून बोलणी चालू आहेत.